‘बोल’ गावाजवळचा अबोल किनारा



समुद्रकिनारा म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे काय येते? गणपतीपुळे, दिवेआगर, नाही तर गोव्याचे कळंगुट. म्हणजे मऊ वाळू, नारळीची नि सुरूची झाडे, भेळेच्या गाड्या, आणि सुटीचा दिवस असेल तर माणसांचा दुसरा समुद्र. आज ज्या किनाऱ्याची हकीगत मी तुम्हांला सांगणार आहे तिथे यांपैकी काहीच नाही. वाळू औषधालाही सापडायची नाही. आहेत ते नुसते पांढरे गोटे, आवळ्यापासून नारळापर्यंत सगळ्या मापांचे. एवढ्या लांब जाऊन माणसाने गोटे काय पाहावेत, असे तुमच्या मनात येईल. पण मी पडलो शेती खात्यातला माणूस. दगड दिसला की त्याच्या आजूबाजूची माती पाहायची, आणि माती दिसली की ती कोण कसतो हे विचारायचे, ही माझी तीस वर्षांची खोड. त्या खोडीपायी जे हाती लागले ते सांगतो.

युरोपात इटली हा बुटाच्या आकाराचा देश तुम्ही मुलांच्या भूगोलाच्या पुस्तकात पाहिला असेल. त्या बुटाच्या पूर्वेला जो अरुंद, लांबट समुद्र आहे तो एड्रियाटिक. पलीकडच्या काठावर क्रोएशिया. जुन्या वाचकांना मार्शल टिटोंचा युगोस्लाव्हिया आठवत असेल. नेहरू, नासर आणि टिटो अशी नावे तेव्हा एका दमात घेतली जात. क्रोएशिया हा त्या युगोस्लाव्हियाचाच एक भाग, १९९१ साली स्वतंत्र झाला. त्याच्या दक्षिणेकडच्या किनारपट्टीला दाल्मेशिया म्हणतात. समोर बेटेच बेटे. त्यांतले सर्वांत मोठे ब्राच. ब्राचच्या दक्षिण काठावर बोल नावाचे गाव आहे, आणि बोलपासून पश्चिमेला पाच-सहा किलोमीटरवर मुर्वित्सा नावाची एक लहानशी वाडी. वाडीखाली आमचा किनारा. गावाचे नाव बोल आणि किनारा मात्र अबोल, अशी गंमत.

माझा भाचा सिन्नरकडचा. स्प्लिट या बंदराच्या शहरात एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात तो नोकरीला आहे. त्याच्या आग्रहाने २०२४च्या सप्टेंबरात आम्ही दोघे तिकडे गेलो. परदेशी कामगारांना घेण्यावरची ठरीव मर्यादा क्रोएशियाने २०२१पासून काढून टाकली, तेव्हापासून नेपाळ, फिलिपाइन्स आणि आपल्या देशातली पुष्कळ मुले तिकडे गेली आहेत. स्प्लिटहून मोटारी वाहणारी मोठी बोट पन्नास मिनिटांत ब्राचच्या सुपेतार बंदराला लावते. तिथून बस बेट ओलांडून बोलला जाते. बोलजवळ ‘झ्लात्नी रात’ म्हणजे सोनेरी टोक नावाचा, जिभेसारखा समुद्रात शिरलेला गोट्यांचा किनारा आहे. प्रवाह नि वारा बदलला की त्या जिभेचे टोक इकडून तिकडे वळते. पाहण्यासारखा आहे खरा, पण तिथे आपल्या जत्रेसारखी गर्दी. आम्ही ती मागे टाकून पुढे चालत निघालो.

उजव्या हाताला डोंगर. विदोवा गोरा त्याचे नाव, उंची पावणेआठशे मीटरहून थोडी जास्त, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या निम्म्याने. पण एड्रियाटिकच्या बेटांत याहून उंच शिखर नाही. डाव्या हाताला निळे पाणी आणि पलीकडे ह्वार नावाचे लांबट बेट. मध्ये उतारावर द्राक्षबागा, ऑलिव्ह आणि पाइनची झाडे. पायवाटेने खाली उतरलो तर सकाळच्या नऊला त्या साऱ्या किनाऱ्यावर आम्हांला धरून सात माणसे. एक आजीबाई पाण्यात उभी राहून शेजारणीशी बोलत होती, तेवढाच काय तो आवाज. आणि दुसरा गोट्यांचा. लाट वर येते तेव्हा काही वाटत नाही, पण मागे फिरताना ती गोटे एकमेकांवर घासत नेते, तेव्हा सुपात हरभरे घोळवावेत तसा आवाज होतो. आमच्या सौभाग्यवतींना तो फार आवडला. डोळे मिटून ऐकले तर खळ्यावर असल्यासारखे वाटते, असे त्या म्हणाल्या.

गोटे कुठून आले?

हा सारा मुलूख चुनखडीच्या दगडाचा. आपल्या सह्याद्रीचा काळा कातळ झिजला की त्याची माती होते. चुनखडीचे तसे नाही. पावसाच्या पाण्यात हवेतला कर्बवायू मिसळून ते किंचित आम्ल होते, आणि त्या पाण्यात चुनखडी साखरेसारखी हळूहळू विरघळून जाते. मागे वाळू राहतच नाही. शिवाय पाणी भेगांतून खाली मुरते, त्यामुळे ब्राचवर बारमाही नदी एकही नाही. नदी नाही तर गाळ नाही, गाळ नाही तर पुळण नाही. हिवाळ्याच्या पावसात डोंगरावरून जे तुकडे ओघळीतून खाली येतात, तेच लाटा वर्षानुवर्षे घोळतात आणि गोल करतात. गाळ नसल्यामुळे पाणी इतके नितळ की छातीएवढ्या पाण्यात उभे राहून पायाची नखे दिसतात. भरती-ओहोटीही तिथे हातभर. आपल्या कोकणातल्यासारखे पाणी लांब जाऊन परत येत नाही. सकाळी जिथे चपला ठेवल्या तिथेच त्या संध्याकाळी सापडतात.

चुनखडी विरघळल्यावर तिच्यात जी थोडी माती मिसळलेली असते ती मागे राहते. ती लोहामुळे लाल. कोकणातल्या तांबड्या मातीसारखी दिसते, पण जात वेगळी. ही माती थर धरून नसते, दगडांच्या खळग्यांत पसा-पसा साठलेली असते. ती मोकळी करायची तर आधी दगड वेचायचे. तिथल्या लोकांनी शेकडो वर्षे तेच केले. वेचलेल्या दगडांचे ढीग रचले, ढीग पुरेनात तेव्हा बांध घातले. चुना नाही, माती नाही, दगडावर दगड बसवून. वर डोंगरावर नजर टाकली की बांधांच्या ओळीच ओळी दिसतात, जिथे उभे राहायला भीती वाटावी अशा उतारांवरसुद्धा. अशी कोरडी बांधणी करण्याच्या कलेला युनेस्कोने २०१८ साली मानवजातीच्या वारशाच्या यादीत घातले. तेव्हा क्रोएशियाबरोबर आणखी सात देशांची नावे त्यात होती. समोरच्या ह्वार बेटावर तर ख्रिस्तपूर्व ३८४मध्ये आलेल्या ग्रीक वसाहतवाल्यांनी आखलेल्या शेतांच्या हद्दी आजही कायम आहेत. चोवीसशे वर्षांत बांध सरकला नाही! आपल्याकडे बांधाच्या दाव्यांचे कागद पाहिलेल्या माणसाला हे वाचून काय वाटेल ते मी लिहीत नाही.

किनाऱ्याला अगदी लागून एक द्राक्षबाग होती. तोड चालू व्हायची होती. मी उठून तिकडे गेलो हे सांगायला नकोच. तिथली जात ‘प्लावात्स माली’, म्हणजे लहान निळी. मणी बारीक, साल जाड, रंग काळपट निळा. सारी द्राक्षे दारूसाठी. ना मांडव, ना वाय पद्धतीचा सांगाडा. गुडघ्या-मांडीएवढी वेल झुडपासारखी आपल्याच खोडावर उभी. ठिबक नाही. पाऊस पडतो तो हिवाळ्यात, उन्हाळा कोरडा, आपल्या अगदी उलट. वेल हिवाळ्यात झोपते म्हणून छाटणी वर्षातून एकदाच. आपण एप्रिलात खरड छाटणी आणि ऑक्टोबरात फळ छाटणी घेतो हे सांगितल्यावर बागेचा म्हातारा मालक माझ्या भाच्याकडे वळून, याने नीट भाषांतर केले ना, असे विचारू लागला. वेलीला वर्षातून दोनदा कामाला लावायचे हे त्याला पटेना. तिथले लोक सांगतात की या उताराला तीन सूर्य आहेत: एक आकाशातला, दुसरा पाण्यावरून उलटून येणारा, तिसरा पांढऱ्या दगडांवरून. एकरी उतारा कमी, पण साखर भरपूर.

या जातीची एक हकीगत द्राक्षवाल्यांनी लक्षात ठेवावी. अमेरिकेत कॅलिफोर्नियात ‘झिनफँडेल’ नावाची जात फार चालते. नाशिकच्या वाइन-बागांतही ती लावली आहे. ती मूळची कुठली हे वर्षानुवर्षे कोडे होते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या कॅरोल मेरेडिथबाई आणि झाग्रेब विद्यापीठाचे इव्हान पेयिच व एदी मालेतिच यांनी आनुवंशिक तपासणी करून २००१च्या सुमारास छडा लावला. स्प्लिटजवळच्या कास्तेला गावांत ‘त्सर्ल्येनाक’ नावाची जेमतेम काही जुनी वेल शिल्लक होती, तीच ही झिनफँडेल. आणि आपली लहान निळी तिचीच लेक. सातासमुद्रांपार लाखो वेली, आणि मूळ घरी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. असे का झाले, त्यातच या किनाऱ्याच्या शांततेचेही उत्तर आहे.

शांततेचा हिशेब

किनाऱ्यावर बसून वर पाहिले की पहिल्यांदा वाटते, वा, काय रान आहे! नीट निरखले की त्या रानात ओळी दिसू लागतात. पाइनच्या झाडांखाली, काटेरी झुडपांच्या आत, बांधच बांध. म्हणजे ते रान नव्हेच, ती शेते. सोडून दिलेली.

एकोणिसाव्या शतकात फ्रान्सच्या द्राक्षबागांवर अमेरिकेहून आलेली फिलॉक्सेरा ही कीड पडली. माव्याच्या नात्यातली ही कीड मुळ्यांतला रस शोषते, वेल उभी वाळते. फ्रान्सचे उत्पादन बसले आणि दाल्मेशियाच्या दारूला सोन्याचा भाव आला. मग जो तो द्राक्षाच्या मागे. होती नव्हती ती जागा दगड वेचून लागवडीखाली आणली गेली. आज दिसणारे उंचावरचे कित्येक बांध त्या तेजीतले. तेव्हा दाल्मेशिया ऑस्ट्रिया-हंगेरीच्या राज्यात होता. १८९१ साली त्या सरकारने इटलीशी व्यापारी करार केला आणि इटलीची स्वस्त दारू कमी जकातीवर आत येऊ लागली. भाव कोसळले. आणि त्याच सुमारास ती कीडही दाल्मेशियात पोहोचली. एकच पीक, एकच गिऱ्हाईक, वर राजधानीत बसून केलेला करार आणि त्यात रोगराई. कांदा-द्राक्षवाल्यांना मी याहून जास्त उलगडून सांगण्याची गरज नाही.

लोक बोटीत बसून निघाले. ब्राचची माणसे जास्त करून दक्षिण अमेरिकेत चिलीला गेली, दाल्मेशियातली इतर बरीच न्यूझीलंडला. १९००च्या सुमारास ब्राचवर चोवीस हजारांच्या आसपास वस्ती होती. २०२१च्या खानेसुमारीत ती चौदा हजारांच्या घरात आहे. सव्वाशे वर्षांत आपल्या कुठल्या तालुक्याची वस्ती अशी घटली असेल? फिलॉक्सेरावर उपाय पुढे सापडला तो अमेरिकन खुंटावर युरोपची वेल बांधण्याचा. आपण डॉगरिज खुंटावर थॉमसन बांधतो ती त्याच विद्येची पुढची पायरी. आपल्याकडे कारण खारवट पाणी आणि दुष्काळ, तिकडे कारण ही कीड. चुनखडीच्या जमिनीत मात्र हरेक खुंट चालत नाही, पाने पिवळी पडतात. आपल्या चुनखडीच्या पट्ट्यातल्या बागायतदारांना हा पिवळेपणा चांगला परिचयाचा आहे. उपाय सापडला तोवर कुदळ धरणारे हात निघून गेले होते.

आणि पडीक शेत नुसते पडून राहत नाही. त्यावर झुडपे येतात, पाइन येतो, पाइन म्हणजे राळेने भरलेले लाकूड. कोरड्या उन्हाळ्यात ठिणगी पडली की वणवा. २०१७च्या जुलैत असा वणवा स्प्लिट शहराच्या वेशीपर्यंत आला होता. मध्ये नांगरलेली बाग किंवा साफ राखलेली ऑलिव्हची राई असली की आगीचा जोर तिथे मोडतो. म्हणून बागेतले तण काढणे हे तिथे नुसते शेतीचे काम राहिलेले नाही, गावाच्या राखणीचे काम झाले आहे. मुर्वित्साच्या त्या म्हाताऱ्याने हे मला बोटाने दाखवून सांगितले: ही माझी बाग, ती शेजाऱ्याची होती, त्यापुढचे सगळे पाइन. त्याची दोन्ही मुले शहरात असतात, तोडीच्या आठवड्यात येतात. मजूर मिळत नाही, असे तो म्हणाला. मग माझ्या भाच्याच्या खांद्यावर हात ठेवून, तुमच्याकडे शेती आहे का, असे विचारू लागला. भाच्याच्या वाट्याची साडेतीन एकर सिन्नरला आहे, ती वाट्याने दिलेली. त्याने ‘आहे’ एवढेच सांगितले. परत येताना तो बराच वेळ बोलला नाही, आणि मीही विषय काढला नाही.

बांधाच्या फटीतले एक रोप दाखवायला मात्र म्हातारा विसरला नाही. ‘बुहाच’ त्याचे नाव. शेवंतीच्या कुळातले, पांढऱ्या पाकळ्या नि पिवळा गाभा असलेले फूल. फुलतो मे-जूनमध्ये, त्यामुळे मला वाळके देठच पाहायला मिळाले. हे झाड मूळचे याच किनाऱ्याचे. वाळलेल्या फुलांची पूड पिसवा-ढेकणांवर टाकण्याची इथली जुनी चाल. तिच्यातल्या पायरेथ्रिन या द्रव्याने किड्यांची मज्जासंस्था निकामी होते. एके काळी साऱ्या जगाला ही पूड दाल्मेशियातून जाई. मग जपान पुढे आला, पुढे केनिया. जपानात १८९०च्या सुमारास याच फुलांच्या पुडीची मच्छर हाकलणारी उदबत्ती निघाली, तिचीच पुढे वेटोळी झाली. हे द्रव्य उन्हात लवकर नासते, म्हणून शास्त्रज्ञांनी त्याच्या धर्तीवर उन्हात टिकणारी कृत्रिम औषधे बनवली. सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन ही नावे तुमच्या ओळखीची आहेत, कपाशीवर तुम्ही ती मारलेली आहेत. त्या साऱ्या घराण्याचा मूळ पुरुष म्हणजे हे बांधाच्या फटीतले गरीब झुडूप. म्हाताऱ्याला मी हे सांगितले तेव्हा त्याने मान हलवली आणि आपण ते अजून कोंबड्यांच्या खुराड्यात टाकतो असे म्हणाला.

दुपारी त्याच्याच घरी जेवलो. भगिनींसाठी एक पदार्थ सांगून ठेवतो, ‘ब्लित्वा’. बीटच्या जातीची, पण कंदासाठी नव्हे तर पानांसाठी लावलेली भाजी, पालकासारखी पण पान जाड. बटाट्याच्या फोडी उकडायच्या, शिजत आल्या की त्यात चिरलेली पाने टाकायची, पाणी निथळून काढायचे आणि ठेचलेला लसूण नि ऑलिव्हचे तेल घालून हलक्या हाताने कालवायचे. मीठ. बस. आमच्या सौभाग्यवतींनी घरी येऊन पालक आणि शेंगदाण्याच्या तेलावर करून पाहिली, एक हिरवी मिरची जास्त घालून, बरी लागते. तिकडे पाणी जपून वापरतात हेही त्यांनी टिपले. घराच्या छपराचे पाणी दगडी टाकीत साठवायची रीत आहे, टाक्या अजून आहेत. बेटाला आता समुद्राखालून नळ टाकून मुख्य भूमीवरच्या त्सेतिना नदीचे पाणी आणले आहे, तरी म्हातारी टाकीच्याच पाण्याने भाजी धुते.

जाणार असाल तर

मुले-नातवंडे परदेशी असलेली घरे आता आपल्या खेड्यांतही आहेत, म्हणून चार व्यवहाराच्या गोष्टी. मुंबईहून सरळ विमान नाही, वाटेत एकदा बदलावे लागते. क्रोएशिया २०२३च्या १ जानेवारीपासून युरो चलनात आणि शेंगेनच्या व्हिसात आला आहे, तेव्हा त्याच एका व्हिसावर जवळची इटलीही पाहता येते. जुलै-ऑगस्ट टाळा. सप्टेंबरात पाणी अजून कोमट असते आणि गर्दी ओसरलेली. किनाऱ्यावर सकाळीच जा. दुपारनंतर ‘माएस्त्राल’ नावाचा वारा सुटतो आणि लाटा वाढतात. हिवाळ्यात ईशान्येकडून जो बोचरा वारा सुटतो त्याचे नाव बुरा, आणि तो नावाप्रमाणेच आहे.

अनवाणी गोट्यांवर चालण्याचा विचार करू नका. रबरी तळाची, पायाला घट्ट बसणारी पादत्राणे घ्या. गोटे टोचतात म्हणून तर खरेच, पण पाण्यातल्या खडकांवर काळे काटेरी गोळे बसलेले असतात. तो एक समुद्री जीव, त्याचा काटा तळव्यात मोडला की काढता काढता जीव जातो. पाण्यात पुढे जायचे तर बसून, हात टेकून सरका, कारण गोट्यांचा उतार एकदम खोल जातो. या किनारपट्टीवर काही ठिकाणी जमिनीत मुरलेले गोडे पाणी समुद्राच्या तळातून वर उसळते. पोहताना एकाएकी बर्फासारखा गार पट्टा लागला तर दचकू नका. सावली पाइनचीच, तिच्याखाली विडी-काडी पेटवू नका. आणि गोटा कितीही सुबक दिसला तरी आठवण म्हणून पिशवीत टाकू नका. तिथे समुद्रकाठ कोणाच्याही सातबाऱ्यावर चढत नाही, तो साऱ्यांचा आहे, आणि तिथले दगड उचलून नेण्यास कायद्याने मनाई आहे. आमच्या सौभाग्यवतींनी एक निवडून ठेवला होता, शाळिग्रामासारखा गुळगुळीत, फक्त पांढरा. तो तिथेच पाण्याच्या कडेला ठेवून आल्या.

मुर्वित्साहून बोलपर्यंत परत चालायला तास-सव्वा तास लागतो. बोलहून सुपेतारला जाणारी संध्याकाळची बस चुकवू नका, नाही तर स्प्लिटची शेवटची बोट हुकते.